क्यूबचा कस

खानदेशात वस्तू पारखून घ्यायची रीत जुनी आहे. कापसाचा व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढतो, चिमटीत धरून हळूहळू ओढतो, धागा किती लांब निघतो ते बघतो आणि मगच भाव बोलतो. बैल घेणारा आधी दात बघतो, मग चार पावलं चालवतो. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस लावल्याशिवाय कुणी पिशवी उघडत नाही. पण त्याच घरातला माणूस पोरासाठी खेळणं घेतो तेव्हा फक्त रंग आणि किंमत बघतो. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्यात चैत्री पौर्णिमेला एकवीरा देवीची. अशा यात्रांतल्या खेळण्यांच्या दुकानांत फुगे, शिट्ट्या, प्लास्टिकचे ट्रॅक्टर असतात, तसाच रंगीत चौकटींचा क्यूबही असतो. पोरगं तो मागतं, वडील घासाघीस करतात, वीस-तीस रुपये कमी होतात आणि क्यूब घरी येतो. तो एकदाही फिरवून बघितलेला नसतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत हे चालून जातं, कारण चाक निखळलं तर पोराला कळतं की चाक निखळलं. क्यूबच्या बाबतीत ते चालत नाही. का चालत नाही, हेच मला सांगायचं आहे.

जोरात फिरणारा, स्पर्धेत चालतो तसा क्यूब मुलाला घ्यायचा, पण परवडणारा घ्यायचा, असा विचार आता जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतल्या पुष्कळ घरांत होतो. प्रश्न बहुतेक वेळा ‘कितीपर्यंतचा घ्यावा?’ असा विचारला जातो. माझ्या मते किंमत हा दुसरा प्रश्न आहे. क्यूब खरं बोलतो का, हा पहिला. मुलाने बरोबर फिरवलं तर क्यूबने बरोबर दाखवावं आणि चूक केली तर ती चूक मुलाचीच असावी, वस्तूची नसावी. एवढी खात्री ज्या सर्वांत कमी किमतीला मिळते, तीच नवशिक्या मुलासाठी योग्य किंमत. तिच्या खाली वाचवलेला पैसा वाया जातो आणि तिच्या वर घातलेला पैसाही पहिली दोन वर्षं मुलाच्या उपयोगी पडत नाही.

यासाठी आधी क्यूबच्या आत काय आहे ते बघायला हवं. एर्नो रुबिक हे बुडापेस्टमध्ये वास्तुरचना शिकवणारे प्राध्यापक. 1974 साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी लाकडाचा पहिला नमुना बनवला. तुकडे एकमेकांभोवती फिरावेत आणि तरीही सुटून पडू नयेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. फिरवून विस्कटलेला तो ठोकळा परत जुळवायला त्यांना स्वतःला महिन्याहून जास्त वेळ लागला. 1977 मध्ये तो हंगेरीत ‘जादूचा ठोकळा’ म्हणून विकायला आला आणि 1980 मध्ये रुबिकचं नाव लावून जगभर गेला. बाहेरून सत्तावीस छोटे ठोकळे दिसल्याचा भास होतो, पण सत्ताविसावा ठोकळा मुळात नसतोच. मध्ये सहा हातांचा एक गाभा असतो. त्या प्रत्येक हाताला स्क्रू आणि स्प्रिंगने एकेक मधला तुकडा धरलेला असतो. कडांचे बारा आणि कोपऱ्यांचे आठ तुकडे कशालाच पक्के जोडलेले नसतात, ते एकमेकांच्या आणि मधल्या तुकड्यांच्या आधाराने अडकून राहतात. म्हणजे सगळा डोलारा सहा स्प्रिंगांच्या ताणावर उभा. ताण जास्त झाला की क्यूब आखडतो आणि फिरवताना मनगट दुखतं. कमी झाला की तुकडे डुगडुगतात. यात्रेतल्या हलक्या क्यूबमध्ये कित्येकदा मधल्या तुकड्याची टोपी निघतच नाही, निघाली तर आत पिळता येईल असा स्क्रू नसतो. तो कारखान्यातून जसा आला तसाच शेवटपर्यंत राहतो, फक्त झिजून आणखी बिघडतो. जात्याला टाकी लावून घेता येते म्हणून जातं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. ज्या वस्तूची दुरुस्तीच करता येत नाही, ती स्वस्त कशी म्हणायची?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो, आणि त्यासाठी चाळीसगावपासून जवळच, सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटणला जावं लागतं. तिथे एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. शके 1128 चा, म्हणजे सन 1206-07 च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते, त्यांनी आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला, असं त्यात आहे. स्वतः भास्कराचार्य पाटणचे का, यावर विद्वानांत वाद आहे. मठ मात्र तिथे होता. शिलालेखाच्या शेवटी, जुन्या मराठीत, पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर ठराविक हिस्सा मठाला लावून दिल्याची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी या भागात बाजारातल्या पैशातून गणित शिकवलं जात होतं. पोराच्या क्यूबसाठी बाजारात पैसा मोजताना मला ही नोंद आठवण्याजोगी वाटते.

त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ अशी दहा आयुधं आहेत. ती हातांत अदलून-बदलून धरली तर मूर्तीची किती वेगवेगळी रूपं होतील, असं तिथे विचारलं आहे. उत्तर 36,28,800. विष्णूच्या चार हातांतल्या चार आयुधांची 24. क्यूबचं गणित याच जातीचं आहे. आठ कोपरे आठ जागांवर, बारा कडा बारा जागांवर, शिवाय प्रत्येक कोपरा तीन प्रकारे आणि प्रत्येक कड दोन प्रकारे बसू शकते. सगळं मोजून, आणि जे फिरवून होऊच शकत नाही ते वगळून, क्यूबच्या अवस्था निघतात 4,32,52,00,32,74,48,98,56,000. ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं एकपासून सुरू होऊन परार्धाशी संपतात, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. मुठीत मावणाऱ्या या ठोकळ्याच्या अवस्था चारशे बत्तीस परार्धांच्या वर जातात. एवढा पसारा असूनही कोणतीही विस्कटलेली अवस्था जास्तीत जास्त वीस वळणांत जुळवता येते, हे 2010 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं.

वरच्या परिच्छेदात ‘जे फिरवून होऊच शकत नाही ते वगळून’ असं मी म्हटलं, त्यात सगळं आलं. क्यूबचे तुकडे खोलून डोळे मिटून परत बसवले, तर तो जुळण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक. उरलेल्या अकरा वेळा तो जगातल्या कुठल्याही माणसाकडून, कुठल्याही पद्धतीने जुळणार नाही. सगळ्या कडा आणि सात कोपरे ठीक असले आणि एकच कोपरा जागच्या जागी तिसरा हिस्सा फिरलेला असला, तरी खेळ संपला. आणि ढिल्या क्यूबमध्ये नेमकं हेच होतं. मूल घाईने फिरवतं, थर पुरता जागेवर बसलेला नसतो, दुसऱ्या थराचा धक्का लागतो आणि एक कोपरा बसल्या जागी गर्रकन वळतो. आवाज झालाच तर बारीकसा, तोही फिरवण्याच्या खडखडाटात बुडून जातो. मुलाला काही कळत नाही. ते पुढे जुळवत राहतं. पहिला थर जमतो, दुसरा जमतो, माथ्यावर पिवळं अधिकचं चिन्हही येतं, आणि शेवटी तीन कोपरे बरोबर अन् चौथा तिरका. मूल पाठ केलेलं सूत्र पुन्हा लावतं. पुन्हा तोच कोपरा. सगळं विस्कटून नव्याने सुरू करतं, अर्ध्या तासाने परत तिथेच येऊन अडकतं. व्हिडिओतला माणूस सांगतो की हे असंच होतं, मग आपल्याकडून का होत नाही? ‘क्यूब बिघडलाय’ हे उत्तर नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सुचतच नाही. त्याला सुचतं ते एवढंच, की आपल्याला येत नाही. खेळण्याने मुलावर केलेला हा अन्याय आहे, आणि तो होताना घरात कुणालाही दिसत नाही. उलट मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणून जातं, ‘सोड रे, तुला नाही जमायचं.’ शंभर रुपयांच्या क्यूबची खरी किंमत मी इथे मोजतो.

चांगल्या क्यूबचा कोपरा वळत नाही असं मुळीच नाही. ढिला ठेवला तर चांगलाही दगा देतो. फरक हा की त्याच्या टोप्या उघडतात, स्क्रू पिळून सहाही बाजूंचा ताण सारखा करता येतो, आणि एकदा ताण बसला की तो टिकतो. मुलाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात: एकच कोपरा हटून बसला असेल तर तो क्यूबचा दोष असू शकतो, आणि तो बोटांनी वळवून सरळ करणं ही फसवणूक नाही. जागतिक क्यूब संघटना 2004 मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धांच्या नियमांतही क्यूबमधला असा बिघाड खेळाडूला दुरुस्त करू देतात. मात्र घड्याळ थांबत नाही आणि क्यूब बिघडला म्हणून जादा संधीही मिळत नाही. आपलं अवजार सांभाळणं हा खेळाचाच भाग, असं तिथे धरलेलं आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग पारख कशी करायची? ज्याला क्यूब अजिबात येत नाही त्या बापालाही करता येईल अशी एक सोपी रीत आहे, आणि ती दुकानातच करावी. नवा, जुळलेला क्यूब हातात घ्यायचा. उजवा थर वर फिरवायचा, माथ्याचा थर डावीकडे, उजवा थर खाली, माथ्याचा थर उजवीकडे. ही चार वळणं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत रंग असे विस्कटतात की दुकानदारही जरा काळजीने बघायला लागतो. पण हीच चार वळणं न चुकता सहा वेळा केली, की चोविसाव्या वळणाला क्यूब आपोआप जसाच्या तसा जुळलेला हातात येतो. हे गणित कधीही चुकत नाही. त्यामुळे ही चोवीस वळणं म्हणजे क्यूबचा कस. मध्ये कुठे अडकला का, थर अर्ध्यावर थांबून परत ढकलावा लागला का, कुरकुरला का, मनगट भरून आलं का, हे चोवीस वळणांत पुरतं कळतं. मग आणखी एक गोष्ट बघायची. माथ्याचा थर मुद्दाम थोडा तिरका ठेवायचा आणि त्याच अवस्थेत बाजूचा थर फिरवायचा. चांगला क्यूब तिरका थर स्वतःच सरळ करून पुढे जातो, वाईट क्यूब दगडासारखा अडतो. मुलांचे थर कधीच नेमके बसत नाहीत, म्हणून ही दुसरी पारख त्यांच्यासाठी पहिलीपेक्षाही मोलाची. मूल बरोबर असेल तर तेही ती चोवीस वळणं करून बघतं, आणि शेवटच्या वळणाला जे त्याच्या तोंडावर उमटतं ते पाहिलं की क्यूब कशासाठी घ्यायचा याची चर्चा पुढे करावी लागत नाही.

ही पारख करायची तर डबा उघडावा लागतो, आणि दुकानदार डबा उघडायला कुरकुर करतो. तिथे आग्रह धरायला हरकत नाही. ऑनलाइन मागवला तर हात लावून बघता येत नाही, पण तिथे निवड जास्त असते आणि बहुतेक ठिकाणी परत करायची मुदत मिळते. त्या मुदतीतच चोवीस वळणं करून घ्यावीत. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तरी ढोबळ अंदाज देता येतो. क्यीयी, मोयू यांसारख्या चिनी कंपन्यांचे साधे पण खरोखर जोरात फिरणारे क्यूब साधारण तीनशे ते पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात. चुंबक बसवलेले साधे क्यूब हजाराच्या आत येतात. त्यापुढे गॅनसारख्या कंपन्यांचे वरच्या दर्जाचे क्यूब तीन-चार हजारांच्या पुढे जातात. रंग प्लास्टिकमध्येच असलेला, म्हणजे स्टिकर नसलेला क्यूब घ्यावा. स्टिकर नखाने निघतात, आणि एकदा निघाले की अडलेलं मूल ते काढून दुसरीकडे चिकटवतं. त्यात मुलाचा दोष नसतो, पण त्या दिवशी खेळ तिथेच संपतो.

चुंबकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती चैन समजली जाते. तुकड्यांच्या आत बारीक चुंबक असले की थर फिरून जागेवर येताना शेवटचा थोडासा प्रवास आपोआप होतो आणि थर नेमका बसतो. दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत शौकीन मंडळी क्यूब खोलून हाताने अठ्ठेचाळीस चुंबक चिकटवायची. मग कंपन्याच ते बसवून द्यायला लागल्या आणि किमती उतरल्या. ज्या मुलाची बोटं अजून सैल आहेत, त्याला चुंबकाचा आधार मोठ्या खेळाडूपेक्षाही जास्त होतो. तेव्हा दोनशे रुपये जास्त घालायचेच असतील तर ते चुंबकासाठी घालावेत. पण घरात अजून तोंडात वस्तू घालणारं धाकटं भावंड असेल तर चुंबकाचा क्यूब आणू नये. क्यूब फुटला आणि दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. अशा घरात तीनशे रुपयांचा साधा क्यूब जास्त शहाणपणाचा. खेळण्यांवर आयएसआय खूण 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे. डब्यावर ती आहे की नाही ते बघायला क्षणही लागत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: क्यूबचं पहिलं जागतिक अजिंक्यपद 5 जून 1982 रोजी बुडापेस्टला झालं, तेव्हा आजचे जोरात फिरणारे क्यूब नव्हते, चुंबक तर नव्हतेच, तरीही मिन थाई या सोळा वर्षांच्या मुलाने 22.95 सेकंदांत क्यूब जुळवला. मग आपल्या पोराला साधा का चालू नये? याचं उत्तर असं की त्या काळचा साधा क्यूब आणि आजचा यात्रेतला क्यूब दिसायला सारखे असले तरी एका कुळातले नाहीत. त्या क्यूबला स्क्रू होते, स्प्रिंग होत्या, वापरून वापरून तो सैल आणि गुळगुळीत होत असे. त्याच्या मागे एका वास्तुरचनाकाराची मेहनत होती. त्याची वरवरची नक्कल करणाऱ्या साच्याला ते वारसाहक्काने मिळत नाही. मिन थाईचं उदाहरण माझ्या बाजूनेही बोलतं. चुंबकाशिवाय, जुन्या घडणीच्या क्यूबवर तेवीस सेकंदांच्या आत जाता येत असेल, तर दीड-दोन मिनिटांत जुळवणाऱ्या मुलाला चार हजारांच्या क्यूबची काय गरज?

इथून दुसऱ्या टोकाचा आक्षेप सुरू होतो, आणि तो हल्ली जास्त ऐकू येतो: घ्यायचाच तर सगळ्यात भारी घ्या, एकदाच घ्या. हिशेब करून बघू. थरामागून थर जुळवण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीने क्यूब जुळवायला शंभर-सव्वाशे वळणं लागतात. मुलाला दोन मिनिटं लागत असतील तर सेकंदाला एखादं वळण पडतं. चारशे रुपयांचा चांगला क्यूब सेकंदाला पाच-सहा वळणं आरामात घेतो. म्हणजे वेळ क्यूब खात नाही. पुढचा तुकडा कुठे आहे ते शोधण्यात, कुठलं सूत्र लावायचं ते आठवण्यात वेळ जातो. तो कमी होतो डोळ्याच्या आणि स्मरणाच्या सरावाने, तिथे पैसा उपयोगी पडत नाही. पुढे मूल जेसिका फ्रिडरिच यांच्या नावाशी जोडलेली प्रगत पद्धत शिकलं, जिच्यात साठच्या आसपास वळणं लागतात, आणि वीस सेकंदांच्या खाली यायला लागलं, तर वरच्या दर्जाच्या क्यूबचा फरक त्याच्या बोटांना खराखुरा जाणवेल. तेव्हा त्याला नेमकं काय हवं ते त्याचं तोच सांगेल: घट्ट की सैल, हलका की जड, चुंबक जोरदार की मऊ. आधीच भारी क्यूब आणून दिला तर ही आवड घडायची संधी आपण त्याच्या हातातून काढून घेतो. शिवाय चार हजारांचा क्यूब शाळेत न्यायचा नाही, मित्राला द्यायचा नाही, अंगणात खेळायचा नाही, असे नियम घरात सुरू होतात. चारशेचा क्यूब दप्तरात राहतो, बाकावर फिरतो, मधल्या सुट्टीत चार हातांतून जातो. मुलं एकमेकांकडून शिकतात ती तिथेच.

तिसरा आक्षेप मराठी घरात हमखास निघतो: यात बुद्धी कसली, नुसतं पाठांतर. हे अर्धं खरं आहे. सूत्रं पाठच करावी लागतात, आणि वेगाने जुळवणारा खेळाडू प्रत्येक वेळी नव्याने विचार करत नाही. पण पाढेही पाठच असतात, आणि तबल्याचे बोलही. पाठ असलेलं केव्हा काढायचं, हे समोरची अवस्था बघून ओळखणं हेच कौशल्य आहे, आणि ते पाठ होत नाही. याच्याच जोडीला क्यूबने बुद्ध्यांक वाढतो, गणितात मार्क वाढतात, अशी जाहिरात करणारेही भेटतात. त्यांच्यापासून मला तितकंच दूर राहावंसं वाटतं. एका खेळातलं कौशल्य दूरच्या दुसऱ्या विषयात आपोआप उतरतं, याचा भक्कम पुरावा बुद्धिबळावरच्या एवढ्या अभ्यासांतूनही निघालेला नाही. क्यूब क्यूबसाठीच घ्यावा. मोबाइलवरच्या खेळात पडदा मुलाला शाबासकी देतो, नाणी देतो, पुढची पायरी उघडून देतो. क्यूब काहीच देत नाही. तो फक्त जुळतो किंवा जुळत नाही. दहा वर्षांच्या मुलाला असा निर्विकार पंच दुसरीकडे क्वचितच भेटतो. म्हणूनच तो पंच प्रामाणिक असण्याबद्दल माझा एवढा आग्रह आहे.

‘चार दिवस फिरवेल आणि टाकून देईल’ हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. टाकून देईलही. सगळीच मुलं क्यूबवेडी होत नाहीत आणि व्हायलाही नकोत. पण त्याने टाकला तर आवडला नाही म्हणून टाकावा. अडकतो म्हणून, हात दुखतात म्हणून, एक कोपरा कधीच बसत नाही म्हणून टाकला तर आपल्याला काय आवडतं हे त्याला कळायच्या आतच दार बंद झालं. शिवाय चांगला क्यूब टाकला तरी वाया जात नाही. दोन वर्षांनी धाकट्याच्या हातात जातो आणि तितकाच चालतो.

परवडण्याबद्दल बोलताना एक गोष्ट न बोलता राहववत नाही. तीनशे रुपये ही रक्कम सगळ्या घरांना सारखी नसते. केळी काढणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या घरात तीनशे रुपये म्हणजे दिवसभराच्या मजुरीतला मोठा हिस्सा. हे क्यूब चीनमधून येतात. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर नेलं गेलं. देशी खेळणी उभी राहावीत हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण तीनशे रुपयांत इतका चांगला फिरणारा क्यूब बनवणारे आपल्याकडे पुढे येईपर्यंत त्याचा भार गरीब घरातल्या मुलावर जास्त पडतो. अशा घराला ‘शंभराचा घेऊ नका’ असा उपदेश करणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. उपाय शाळेच्या हातात आहे. वर्गात कॅरमचा बोर्ड किंवा बुद्धिबळाचा पट असतो तसे चार-पाच चांगले क्यूब कपाटात असावेत. दोन-अडीच हजारांत पाच मुलं नव्हे, पन्नास मुलं आळीपाळीने शिकतील. धुळे-जळगावच्या कितीतरी शाळांत स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांवर याहून जास्त खर्च होतो. पाचातला एखादा घरी न्यायला मिळाला तर शनिवार-रविवार त्या घरातली सगळी भावंडं त्याच्याभोवती बसतील.

आणि क्यूब आल्यावर त्याची देखभालही शिकवावी. आपल्याकडे धूळ फार. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, खिडक्या उघड्या असतात आणि क्यूबच्या फटींत बारीक धूळ बसते. महिन्या-दोन महिन्यांनी एक कड अंगठ्याने उचलून काढायची, मग बाकीचे तुकडे आपोआप सुटतात. कोरड्या फडक्याने पुसायचे, सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब घालायचे. शिलाई मशीनचं तेल किंवा व्हॅसलिन घालायचं नाही, त्याने प्लास्टिक खराब होऊ शकतं. तुकडे परत बसवताना क्यूब जुळलेल्या अवस्थेतच बसवायचा, नाहीतर बारात एकचा फेरा लागतो. हे काम मुलालाच करू द्यावं. ताटात पसरलेले वीस तुकडे, मधला सहा हातांचा गाभा आणि त्याच्या स्प्रिंगा बघताना, यंत्र म्हणजे काय हे त्याला कळेल. शेवटचा तुकडा ‘टक्‌’ करून बसला की त्याने उजवा थर वर फिरवावा, माथ्याचा डावीकडे, उजवा खाली, माथ्याचा उजवीकडे, आणि चोवीसपर्यंत मोजावं.